मादन हिप्परग्याचा काशिनाथ कुणाच्या यादीत?

जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव गोदावरी काशिनाथ कांबळे. राहणार मादन हिप्परगा, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा. अन्याय झाला तो यंदाच्या, म्हणजे १९९० सालच्या सप्टेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारच्या जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं असताना. कुवेतमध्ये अडकलेल्या नवऱ्यासाठी तिनं केलेला अर्ज एका सरकारी कचेरीतल्या टेबलावरून तिच्याकडं परत सरकवण्यात आला. कारण तोंडी सांगितलं. माणसाचा पासपोर्ट हैदराबादच्या पत्त्यावरचा, तेव्हा तो अडकलेल्यांच्या आंध्रच्या यादीत हवा. आंध्रकडं विचारणा झाली, तर त्या पत्त्यावर असा माणूस राहतच नाही असं उत्तर आलं. म्हणजे काशिनाथ कांबळे कुणाच्याच यादीत नाही. पुढचे कोण, या.

मी कराडची. वय चोवीस. मजुरांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आमच्या छोट्या मंडळाची पत्रकं मी लिहिते. मादन हिप्परग्याच्या शाळेतल्या एका गुरुजींनी ही हकिकत मंडळाला कळवली आणि त्याच आठवड्यात मी निघाले. सोबत पत्रकांचा गठ्ठा होता. हेच पत्रक ऑगस्टअखेर आम्ही बीदरच्या स्टँडवर वाटायला पोस्टानं पाठवलं होतं. वरचा मथळा ठळक टायपात, ‘बीदरची विमानं कुवेतला पाठवा!’ खाली चार मागण्या. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं. ‘याच मुलखातली माणसं परक्या वाळवंटात तडफडत असताना हवाई दलाची विमानं रोज बीदरवर घिरट्या घालून रिकामी का उतरतात?’ हे वाक्य मी कराडात बसून लिहिलं होतं. बीदर मी तोवर फक्त नकाशात पाहिलं होतं.

मादन हिप्परगा, सोमवार

उमरग्याकडून आळंदच्या वाटेला लागलं की जमीन काळी होत जाते. मूग, उडीद निघाले होते. शेतकऱ्यांनी उडदाच्या शेंगा भर डांबरी रस्त्यावर पसरून ठेवल्या होत्या आणि आमची बस खुशाल त्यांच्यावरून जात होती. मी ओरडलेच, “अहो, चिरडतंय सगळं!” कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. “चिरडावं म्हणूनच टाकलंय की बाई. तुमच्याकडं काय करतेत?” आमच्याकडं खळं करतात, बैल फिरवतात. इथं सरकारी बस फिरते. मी वहीत लिहून ठेवलं, सरकारी वाहनाचा जनतेला झालेला पहिला उपयोग.

काशिनाथचं घर दोन खोल्यांचं. तो गवंडी, घर त्यानंच बांधलेलं. भिंतीचा गिलावा इतका सरळ की त्यावरून हात फिरवावासा वाटावा. आत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली बसलेले धोंडिबा अप्पा, काशिनाथचे वडील. मी “जयभीम” केला. त्यांनीही केला आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

गोदावरी चुलीपुढून उठली नाही. “कामून आलाव ताई एवढ्या लांबून?”

“तुम्हाला न्याय मिळवून द्यायला,” मी म्हटलं. खरंच असं म्हटलं.

“मग हात धुवा. भाकर खाऊन मिळवू.”

ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि अंबाडीची आंबट भाजी. इथं तिला पुंडी म्हणतात, कानडीतून आलेलं नाव. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवताना गोदावरीनं सगळं सांगितलं, सलग, जणू दहाव्यांदा सांगत होती.

काशिनाथ दोन वर्षांपूर्वी कुवेतला गेला. दोन ऑगस्टला इराकी फौजा तिथं शिरल्या. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि मालक पळालेला. बाकीच्या मजुरांबरोबर तो बगदादमार्गे जॉर्डनच्या हद्दीवरच्या छावणीपर्यंत पोचला. हे कळलं ते उमरग्याच्या एका शिंप्याकडून. तो त्याच छावणीतून परत आला होता. अम्मानहून सरकारी प्रवासी विमानं आपली माणसं मुंबईला आणत होती, पण ज्यांच्या हातात पासपोर्ट नाही त्यांची ओळख आधी पटवावी लागे. पासपोर्टचा नंबर सांगता आला, किंवा घरच्यांनी इकडून नाव-नंबर-फोटो कळवला, तर तात्पुरता कागद लवकर मिळे. नाहीतर बाजूच्या रांगेत. शिंप्यानं काशिनाथला त्या बाजूच्या रांगेत सोडलं होतं.

“त्यो म्हणला, विमानं काय कायम येनार न्हाईत,” गोदावरी म्हणाली. “एक दिवस बंद हुतील. मग मागं ऱ्हायलेल्यांचं काय, ते त्याला बी ठाव न्हाई.”

“नंबर तुमच्याकडं नाही?”

“कागद समदे हैदराबादला, रुक्मीणअक्काकडं.”

रुक्मीण ही काशिनाथची थोरली बहीण. वीस वर्षं हैदराबादेत. पासपोर्ट तिच्या पत्त्यावर काढलेला, कारण दलाल म्हणाला, तिकडं लवकर निघतो.

“म्हणजे खोटा पत्ता,” मी म्हटलं.

अप्पा पहिल्यांदा बोलले. “खोटा कसा? भनीचं घर हाय. त्यो तिथं ऱ्हाऊन काम केलाय. हे बग पोरी, आमचा दवाखाना सोलापूरला. बाजार आळंदला. सोयरिकी उमरग्याला. आन् लांबचा परवास म्हणलं की हैदराबाद. माझ्या जल्मात निजाम गेला, हैदराबाद स्टेट गेलं, म्हैसूर आलं, त्याचं कर्नाटक झालं. मी हाय तिथंच हाय. आता कचेरीतला म्हणतो, तुमचं लेकरू आमचं न्हाई. मग कुनाचं म्हणावं?”

कराडात राहणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. आमच्या अंगावरून कुणी राज्याची रेघ ओढलेली नाही. मी तावातावानं म्हटलं, “तो कारकून खोटं बोलतोय. हैदराबादला विचारलंच नसेल त्यानं. रुक्मीणअक्कांना भेटू. आणि त्याआधी बीदरच्या तळावर जाऊ.” मी पत्रक वाचून दाखवलं. चारही मागण्या. अप्पांनी शेवटी विचारलं, “तिसरं काय म्हणलीस?” मी पुन्हा वाचलं. ते पान लावायला लागले.

रुक्मीणअक्का सध्या हैदराबादेत नाही, बीदरजवळ नौबादला लेकीकडं आहे, हे गोदावरीला ठाऊक होतं. कामून, ते ठाऊक नव्हतं.

हुमनाबादवरून, मंगळवार

गोदावरी माझ्याबरोबर निघाली. गुलबर्ग्याला गाडी बदलली. पत्रकांचा गठ्ठा टपावर, आणि त्याच्या शेजारी कुणाच्या तरी कोंबड्यांचं खुराडं. हुमनाबादला गठ्ठा खाली घेतला तेव्हा वरची पन्नासेक पत्रकं वाटण्याच्या लायकीची उरली नव्हती. कोंबड्यांची मालकीण चांगली धिप्पाड बाई होती. तिनं पदराच्या टोकानं एक पत्रक पुसून पाहिलं आणि कानडीत काहीतरी म्हणाली. सगळी बस हसली. गोदावरीला विचारलं तर तीही हसत होती. “ती म्हणायलीय, कोंबडीनं सही केलीया, आता अर्ज नामंजूर हुत न्हाई.”

तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

हुमनाबाद सोडलं की काळी माती संपून तांबडी सुरू होते. बीदर सपाट माथ्यावर वसलेलं आहे. वारा अडवायला काही नाही. स्टँडवर उतरतो न उतरतो तोच डोक्यावरून एक लहान विमान गेलं, मग दुसरं. गोदावरी कपाळावर हात धरून बघत राहिली.

“ताई, ह्यात किती मानसं बसत असतील?”

“चाळीसेक,” मी बिनधास्त ठोकून दिलं.

“मग धा खेपात आपल्या समद्या गावांची मानसं यितील की.”

तळाच्या फाटकावर मी पहारेकऱ्याला पत्रक दिलं. उत्तरेकडचा कोवळा जवान. मराठी त्याला वाचता येईना. मी मथळा हिंदीत सांगितला. तो गोंधळला. “बहनजी, यहाँ तो लड़के उड़ना सीखते हैं,” एवढंच म्हणाला, आणि पत्रक नीट घडी करून खिशात ठेवलं. मला ती टाळाटाळ वाटली. वहीत लिहिलं, ‘फाटकावर उडवाउडवीची उत्तरं.’

नौबाद, मंगळवार संध्याकाळ

रुक्मीणअक्काच्या लेकीचं नाव मंगल. तिचा नवरा बिदरी कामाचा कारागीर. काळ्या धातूवर कोरलेल्या नक्षीत तो चांदीची तार ठोकून बसवत होता, ठक ठक ठक, अगदी हलक्या हातानं. आम्ही आलो तेव्हा त्यानं मान वर केली, मला पाहिलं, माझ्या काखेतला गठ्ठा पाहिला, आणि ठोकणं थांबवलं.

रुक्मीणअक्का स्वयंपाकघरात होती. पन्नाशीची, सुकलेली बाई. गोदावरी तिच्या पाया पडली. तिनं गोदावरीला धरलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्याशी तर एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, शहरात राहून आलेला ताठा.

मग शेजारचे शरणप्पा आले. मंगलनंच बोलावलं होतं, कारण ते हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. मालवाहू विमानात सामान आणि माणसं चढवायचं काम त्यांनी बरीच वर्षं केलेलं. घरची भाषा कानडी, पण मराठी अस्खलित, आणि मध्येमध्ये दख्खनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी चष्मा लावून पत्रक हातात घेतलं. मथळा वाचला आणि हसायला लागले. थांबेचनात.

“कुणी लिवलंय हे?”

“मी.”

“बाई, तू बीदरचं विमान जवळनं बघितलीस काय?”

“वरून जाताना.”

“त्यात दोन सीटा असतात. एकावर उस्ताद, एकावर शागीर्द. पोरं शिकतात तिथं. तुझ्या काशिनाथाला कुठं बसवू, पंखावर?”

गोदावरीनं माझ्याकडं पाहिलं. चाळीसेक, असं मी दुपारी तिला सांगितलं होतं. माझे कान तापले. फाटकावरच्या पोरानं मला खरं तेच सांगितलं होतं. पण पत्रकवाली माणसं लवकर गप्प बसत नाहीत. मी म्हटलं, “मग मोठी विमानं कुठं आहेत? लष्कराची तयारी कशाला म्हणायची? आपली माणसं परदेशात मरायला लागली तर यायचं कुणी?”

शरणप्पांचं हसू गेलं. मला वाटलं चिडले. पण त्यांनी मंगलला चहा टाकायला सांगितलं आणि मांडी घालून बसले.

“मोठी विमानं हायत. पयल्यांदा गेली ती बी हवाई दलाचीच. पण परक्याच्या आभाळात फौजी विमान न्यायचं तर परवानगी लागते. लढाई चालू असताना ती कोण सुखानं देतंय? म्हणून आता प्रवासी विमानं. हौ, ते ठीकच झालं. आता तयारी म्हणालीस ना? ऐक. लढाई नसली तरी आमच्याकडं अचानक घंटा व्हायची. इतक्या वेळात विमान भरून दाखवा. परदेशातनं माणसं काढायचा सराव. माणसं कुठनं आणायची? मग आमीच माणसं. कुणी म्हातारा, कुणी जखमी. मला एकदा गरोदर बाई केलते.”

“काय?” मंगल आतून ओरडली.

“खरंच. पोटाला पिशवी बांधून. शिडी चढताना साहेब म्हणतोय, हळू, अम्मा, हळू. मिशा होत्या मला तवा.”

मंगलच्या नवऱ्याची हातोडी हातातच राहिली, इतका तो हसला. गोदावरीनं तोंडाला पदर लावला. रुक्मीणअक्का मात्र दाराआड उभी, हसत नव्हती, ऐकत होती.

“पण दार कवा लावायचं, म्हाईत हाय?” शरणप्पांनी आवाज उतरवला. “नावं लिवून झाल्यावर. आत किती डोकी, कोण कोण, त्याची यादी. एक कागद विमानात, एक जमिनीवर ठेवायचा. विमान पडलं तर कळायला पाहिजे ना, कोण होतं ते. यादीबिगर माणूस आमी कधी चढवला न्हाई. सरावात बी न्हाई. साहेबाचा खास माणूस आला तरी न्हाई.”

“आणि ज्याचं नाव सांगणारं कुणी नाही, तो?”

“तो खाली ऱ्हातो, बाई. विमान केवढं बी मोठं असू दे.”

मी पत्रकात विमानांवर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. या यादीवर शब्द नव्हता. सराव विमानाच्या दारापर्यंतचा होता. जवान शिडी चढायला शिकले होते, मिशीवाला सार्जंट गरोदर व्हायला शिकला होता. पण मादन हिप्परग्यापासून त्या दारापर्यंत काशिनाथचं नाव कुणी न्यायचं, याचा सराव कुणीच कधी केला नव्हता.

तेवढ्यात दाराशी रुक्मीणअक्का खाली बसली.

“दोन डाव आलता,” ती म्हणाली.

“कोन?” गोदावरीनं विचारलं.

“पोलीस. हैदराबादला. घरी. म्हनला, काशिनाथ कांबळे हितं ऱ्हातो का. मी म्हनलं, न्हाई. असा कुनी न्हाई. फिरून चार दिसानं आला. पुन्ना म्हनलं, न्हाई. मग कुलूप घालून हिकडं आले.”

गोदावरी तिच्याकडं बघतच राहिली. “अक्का, तुमच्या भावाला तुमी न्हाई म्हणलाव?”

“मला धरतील म्हनून! जावयाला धरतील! तसं छापून आलतं की!” तिनं कंबरेची चंची सोडली. पानसुपारीच्या कप्प्यातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं टाकला. घड्यांवर फाटलेला, चुन्याचे डाग पडलेला. मला उघडायची गरज नव्हती. टाइप माझ्या ओळखीचा होता.

मंगलच्या नवऱ्यानं मान खाली घालून सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी सासूबाई इथं आल्या होत्या. तो स्टँडवरून पत्रक घेऊन आला आणि वाचून दाखवलं. तिसरी मागणी अशी होती: ‘खोट्या पत्त्यांवर पासपोर्ट काढून देणाऱ्या दलालांना व त्यांना घरचा पत्ता देऊन साथ देणाऱ्या सर्वांना तात्काळ अटक करा!’

हे ‘व त्यांना घरचा पत्ता देऊन साथ देणाऱ्या सर्वांना’ मी ओळ पूर्ण भरावी म्हणून घातलं होतं. दुसऱ्या ओळीत जागा राहत होती, रिकामी दिसत होती. बाकी काही कारण नव्हतं.

म्हणजे हैदराबादला खरंच विचारणा झाली होती. दोनदा. कारकून खोटं बोलला नव्हता. ज्या वेळी सरकारनं, कधी नव्हे ते, एका गवंड्याला घरी आणण्यासाठी त्याच्या दारावर टकटक केली, त्या वेळी दारामागं माझं पत्रक उभं होतं.

माफी मागितली. कशी, ते आठवत नाही. रुक्मीणअक्कानं ती ऐकली की नाही तेही माहीत नाही. गोदावरी उठली, परसात गेली, आणि बराच वेळ तिथं नुसती भांडी घासल्याचा आवाज येत होता. घासलेलीच भांडी.

आत आली ती तडक नणंदेपुढं बसली. “कागद कुटं हायत?”

“खोलीत. तांदळाच्या डब्यात. फोटो बी हाय, नंबरचा कागद बी.”

“उद्या जायचं.”

“गोदे, मला धरतील गं.”

“धरू द्या. तुमाला सोडवायला मी हितं हाय. त्याला सोडवायला तिथं कोन हाय?”

शरणप्पा म्हणाले, “अक्का, कुणी धरत न्हाई. बहिणीचा पत्ता हाय, वाटेवरचा न्हाई.” पण त्यांनाही शंभर टक्के खात्री नव्हती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मी म्हटलं, मी बरोबर येते. अक्कानं ‘न्हाई’ का म्हटलं ते मी लिहून देईन, माझ्या सहीनं. रुक्मीणअक्का पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. “तुमी लिवू नका बाई काय. तोंडानं सांगा.”

बुधवार, हैदराबादेत

बीदरहून हैदराबादची गाडी सकाळी पकडली. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. तिघी एका बाकावर बसलो होतो.

तांदळाच्या डब्यात कागद होते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, वर रबर. छायाप्रतीवर काशिनाथ: केस पाण्यानं चापून बसवलेले, फोटोवाल्यानं दिलेला कोट खांद्यांत सैल. गोदावरीनं नंबर मोठ्यानं वाचला. मग पुन्हा. ज्या कचेरीनं पोलीस पाठवला होता तिथं पोचेपर्यंत तिचा तो पाठ झाला होता.

कचेरीतला अंमलदार वयस्कर होता. समोर कागदांचा डोंगर. रुक्मीणअक्का त्याच्या टेबलापुढं उभी राहिली. “साब, काशिनाथ कांबळे मेरा भाई हाय. मेरेच घर का पत्ता हाय. मैं झूट बोली.”

“क्यों बोले अम्मा?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झाले, चंचीतलं पत्रक टेबलावर ठेवलं, माझं नाव सांगितलं आणि हिंदीत भाषांतर करून तिसरी मागणी वाचली. माझ्या आयुष्यात इतकी लांब ओळ मी वाचली नव्हती. अंमलदारानं पत्रकाला हात लावला नाही. तो रुक्मीणअक्काशीच बोलला.

“अम्मा, पकड़ने के वास्ते नहीं पूछे थे हम. लाने के वास्ते पूछे थे.”

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, तिथंच, सगळ्यांसमोर. त्यानं पाणी मागवलं. जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला, नंबर आणि फोटो जोडला. आज संध्याकाळी टेलेक्सनं दिल्लीला जाईल, तिथून अम्मानला, असं म्हणाला. “पक्का?” गोदावरीनं विचारलं. “भेजना पक्का,” तो म्हणाला. पुढचं त्यानं काही सांगितलं नाही. खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

परत बीदरात, गुरुवार

शरणप्पांनी एका वहीच्या पानावर रेघा मारून ठेवल्या होत्या. नाव. कुठला देश, कुठलं गाव. मालक कोण. पासपोर्टचा नंबर. पासपोर्टवरचा पत्ता, आणि खरं घर कुठं. घरचं कोण विचारणार. “हे तू दारोदार विचार,” ते म्हणाले. “मी चष्मा घालून लिवतो.”

आम्ही नौबादच्या गल्ल्यांतून हिंडलो. पान भरलं, दुसरं सुरू झालं. एकीचा नवरा दुबईत, पासपोर्ट सोलापूरच्या मामाच्या पत्त्यावर. एकाचा भाऊ बगदादजवळ, कागद मुंबईच्या दलालाकडं. एका घरी बाईनं आम्हाला पाहिलं आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून सांगितलं की आम्ही धरायला आलो नाही. दार उघडलं नाही. तिच्याकडं माझं पत्रक असेल. शरणप्पा म्हणाले, उद्या मी एकटाच येतो.

स्टँडवर गोदावरीचा निरोप घेतला. ती रागावलेली आहे का, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. तीच म्हणाली, “पुन्हा काय छापायचं असंल तर आदी मला वाचून दावा. मी सांगते कोन भिईल ते.”

हे मी आता कराडहून लिहिते आहे. काशिनाथ अजून आलेला नाही. नंबर पोचला का, बाजूच्या रांगेतून त्याला पुढच्या रांगेत घेतलं का, काही कळलेलं नाही. हवाई दलाची विमानं किती हवीत, कुठं ठेवायची, हे मला पूर्वी ठाऊक होतं. आता ठाऊक नाही. एवढंच कळलं आहे की कुठलंही विमान नावं घेऊन निघतं, आणि ती नावं घरातून निघावी लागतात. आमचं जुनं पत्रक मंडळानं रद्द केलं आहे. ज्यांच्याकडं ते असेल त्यांनी त्यातली तिसरी मागणी खोडून टाकावी. ती चूक माझी होती.

आणि आता तुम्ही. तुम्ही आळंदचे असा, औरादचे असा, भालकीचे, उदगीरचे, उमरग्याचे. तुमच्या पत्त्यावर पासपोर्ट काढून कुणी आखातात गेला असेल, भाऊ, भाचा, शेजारी, नुसता ओळखीचा, तर उद्या कामावर जाऊ नका. त्याचे कागद काढा, नंबर घ्या, फोटो घ्या आणि जवळच्या कचेरीत जाऊन उभे राहा. कुणी विचारण्याची वाट बघू नका. कुणी विचारून गेला असेल आणि तुम्ही भिऊन नाही म्हटलं असेल, तर परत जा, आणि त्याचं नाव घेऊन सांगा की हो, तो आमचा माणूस आहे. उद्याच सांगा. विमानं अजून येताहेत.